क्वेबेकला नेलेला नारळ

मी कॅनडाला जाऊन आले हे आमच्या पेठेत अजून सांगतात, आणि सांगताना माझ्याकडं असं बघतात की जसं काही मी काशीच करून आले. "बाई, तिकडं लई बर्फ असतो म्हणं?" असतो. "आन् किल्ला पण हाय म्हणं?" हाय, तोही हाय. कुणी फारच खोदून विचारलं तर मी पायऱ्यांचं सांगते, गोठलेल्या नदीचं सांगते, रुळांवरून कडा चढणाऱ्या खोलीचं सांगते. लोक खूश होऊन चहा पिऊन जातात. मला मात्र त्या शहराचं नाव काढलं की तोंड कडू होतं. शहराचा काही दोष नाही. शहर चांगलंच आहे. ते मला ज्या कारणासाठी दाखवलं गेलं, ते माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.

आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ रांगत होता. आमच्या घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. तो मला आक्का म्हणायचा आणि मी त्याला तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. माझं लग्न सोलापुरातच झालं, त्यामुळं शाळा सुटली की तो आमच्या घरी, आणि मग हळूहळू तो आमच्याच घरचा झाला. माझ्या थोरल्या मुलीला खांद्यावर बसवून गड्ड्याच्या जत्रेत त्यानं फिरवलं. ती चालायला शिकली ती त्याचं बोट धरून. पाचवी-सहावीत असल्यापासून ती सगळ्यांना सांगायची, "माझ्या लग्नात मामा मला मांडवात नेणार." पुढं तो इंजिनियर झाला, कॅनडाला गेला, मधे एकदा येऊन पुण्याच्या मुलीशी लग्न करून गेला. गेला तो गेलाच. मोठा दुष्काळ आला आणि संपला, आम्ही सरकारी सुकडी खाल्ली, टँकरपुढं भांडलो, पण हा काही आला नाही.

दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे वैरागचे, धान्याचा व्यापार. माणसं चांगली, मागणं काही नव्हतं. मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "बाई, आमाला काय बी नको. फकस्त मामा मांडवात दिसला पायजे. पोरीच्या मागं मामा नसला की मांडव वसाड दिसतो."

आता आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात मामाला लग्नाची पत्रिका पाठवत नाहीत. मुलीच्या आईनं स्वतः भावाच्या घरी जायचं. सोमवारी सकाळी आंघोळ करून भावाला पाटावर बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, आणि शेंडीचा नारळ, विडा, अक्षता त्याच्या दोन्ही हातांत ठेवायच्या. तोंडानं 'ये' म्हणायचं नाही. मामाला 'येशील का' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, कारण तो येणारच की! नारळ हातात घेतला म्हणजे शब्द दिला. मग आभाळ कोसळलं तरी मामा तोच नारळ घेऊन मांडवात हजर होतो आणि तो मुलीच्या ओटीत घालून तिला बोहल्यावर नेतो. मामा मंद्रूपला असो की मुंबईला, बहीण जाते. आता हा बसला होता सात समुद्रांपलीकडं, तर मी कशी जाणार? मी पत्रातून नुसतं लग्न ठरल्याचं कळवलं आणि देवावर हवाला ठेवला.

आणि त्याचं पत्र आलं. आत विमानाचं तिकीट. "आक्का, तू ये. तीन-चार आठवडे राहा. आमचं शहर फार जुनं आणि सुंदर आहे, तुला सगळं दाखवतो."

काय सांगू, घरात दिवाळी झाली! कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही. मामानं बहिणीला बोलावलं म्हणजे नारळ घ्यायलाच बोलावलं, दुसरं कशाला बोलावील? आमचे यजमान गिरणीत हेडक्लार्क, नेहमी तोंड पाडून बसणारे, तेही म्हणाले, "बघ, रीत विसरला न्हाय पोरगा." वैरागला निरोप गेला. मुलीनं स्वतः बाजारातून निवडून नारळ आणला, शेंडी विंचरून हळद-कुंकू लावलं, आणि चादरीच्या घडीत मधोमध ठेवून दिला. मी शिकवायचे त्या शाळेत रजा टाकली. हेडमास्तर म्हणाले, "कॅनडात काय काम?" मी म्हटलं, "भावाला लग्नाचं बोलावणं करायचंय." ते माझ्याकडं बघतच राहिले.

माघ संपत आला होता. सोलापुरात उन्हाचा चटका सुरू झाला होता आणि मी इरकली लुगड्यावर यजमानांचा लोकरी कोट चढवून मुंबईच्या गाडीत बसले. विमानात दोनदा ओकले. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी होती म्हणून जगले, नाहीतर त्या ताटलीतलं काय शाकाहारी आणि काय नाही हे वाढणाऱ्या पोरींनाही सांगता येईना. माँट्रियलला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. चटणीचा वास घेऊन शिंकला. मग नारळ हातात घेतला, कानाशी धरून हलवला, दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही हलवला. मी जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं गोळा करून म्हटलं, "मॅरेज. माय ब्रदर." दोघं हसले आणि त्यांनी नारळ हळूच होता तसा घडीत ठेवला. परक्या माणसांनी ठेवला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

भाऊ न्यायला आला नव्हता. त्याला काम होतं. त्यानं आधीच लिहून कळवलं होतं, विमानतळावरून शहरातल्या बस स्टँडवर जा, तिथून क्वेबेकची बस, शेवटचं गाव ते आपलं. तीन तासांची वाट. बस ड्रायव्हर फ्रेंच बोलत होता. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या बोळात विणकरांची तेलुगू, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याची दखनी, घरात कानडी आणि शाळेत मराठी. भाषा आली नाही म्हणून सोलापूरचा माणूस कुठं अडत नाही. मी हातांनी विचारलं, त्यानं हातांनी सांगितलं. काचेबाहेर नुसतं पांढरं. एवढी थंडी की श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. पण मनातून मी तापलेली होते, आनंदानं. मुलीनं विंचरलेली शेंडी मोडली नाही ना, म्हणून दोनदा बॅग चाचपली.

बस स्टँडवर तम्मा उभा होता. जाड झाला होता. मला मिठी मारली, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच्याही आलं. खोटं बोलणार नाही, आलं होतं. भावजय गोड पोरगी, मला 'वन्सं' म्हणायची, पायात घालायला तिनं लोकरी बूट आणून ठेवले होते. जेवताना दोघांनी सगळ्यांची चौकशी केली. मुलीची केली नाही. मला वाटलं, लाजत असेल, नारळाआधी विषय नको म्हणून.

सोमवारी मी पहाटे उठले, न्हाऊन पूजा केली. नारळ-विडा ताटात काढला, पाट नव्हता म्हणून चादरीची घडी घातली. बाहेर येऊन बघते तर तम्मा कोट-टोपी घालून दारात. "आक्का, आज जरा लवकर जायचंय. संध्याकाळी तुला शहराचा कोट बघायला नेतो हं!" मी ताट पुढं केलं. त्याच्या हातांत हातमोजे, वर गाडीची किल्ली. "आल्यावर," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी कोट बघितला. शहराभोवती दगडी भिंत, तिला वेशी, वेशींवर तोफा. तो सांगत होता, ही अशी भिंत अख्ख्या कॅनडात दुसऱ्या शहराला राहिलेली नाही. मी म्हटलं, "आपल्याकडं भुईकोट न्हाय व्हय? तिथं आपण भेळ खायला जातो." तो हसला. मला बरं वाटलं. म्हटलं, पुढच्या सोमवारी.

पुढच्या सोमवारी त्यानं सुट्टी काढली होती, आणि मी उठायच्या आधी बाहेर गाडी सुरू करून ठेवली होती. खालचं गाव बघायचं होतं. ते शहर दोन मजल्यांचं आहे: एक कड्यावर, एक कड्याखाली नदीच्या काठाला. खाली जायला मान मोडेल अशा पायऱ्या, आणि ज्यांना पायऱ्या नकोत त्यांच्यासाठी रुळांवरून वर-खाली करणारी ती खोली. खाली दगडी घरं, उतरती पत्र्याची छपरं, दिव्यांच्या बोळी. फार देखणं. मी एकेका दुकानाच्या काचेत बघत होते आणि मनात म्हणत होते, सोमवार गेला.

मधल्या दिवसांतही त्यानं उसंत दिली नाही. फ्रेंच आणि इंग्रज जिथं लढले ते माळरान. तिथं उभी राहून मी विचारलं, लढाई किती वेळ चालली? तो म्हणाला, एवढीशीच. नदीच्या वर कड्यावर लाकडी फळ्यांचा रुंद फिरायचा रस्ता आणि त्यावरून घसरगाडीनं खाली सुटणारी माणसं. मलाही तीत बसवलं. मी किंचाळले, लुगडं सावरलं, भावजय पोट धरून हसली. बर्फाचे तुकडे फोडत पलीकडं जाणारी बोट. घोड्याची गाडी. तो घोडा बघून मला आमच्या स्टेशनबाहेरचे टांगे आठवले आणि घोड्याची कीव आली. चर्च किती बघितली कोण जाणे. मी एका चर्चमध्ये बसून चक्क सिद्धरामेश्वराला हात जोडले, म्हटलं, बाबा, ह्याला बुद्धी दे.

कारण एव्हाना मला कळायला लागलं होतं. मी काय वेडी आहे का? मी बॅगेकडं वळले की ह्याला कुठलं तरी ठिकाण आठवायचं. "चल आक्का, ते राहिलं बघायचं!" हात कधी मोकळे नसायचे. हातमोजे, किल्ली, वर्तमानपत्र, चहाचा कप. मी वाढवलेल्या पोराचे हात मला माहीत नाहीत? नारळ घ्यायचा नाही म्हणून हा हात भरून फिरत होता. आणि मला तोंडानं विचारता येत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, तसली माझी गत. आमच्या रीतीनं माझं तोंड बांधलेलं आणि ते त्याला पक्कं ठाऊक. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं, त्याला होतं.

तिसरा सोमवारही असाच गेला. परत निघायला दोनच दिवस राहिले. मी ठरवलं, सोमवार नसला तर नसला, उद्या दारात आडवी उभी राहीन आणि नारळ त्याच्या छातीशी लावीन. रीत मोडली तर मोडली.

त्या दुपारी मी जरा पडले होते. रात्री सगळे जेवायला बसलो. भावजयीनं माझ्या ताटात केशरी भात वाढला आणि कौतुकानं म्हणाली, "वन्सं, ओळखा बरं! तुम्ही एवढ्या लांबून आणलेला नारळ. म्हटलं तुम्ही जायच्या आत नारळीभात करावा. काय गोड निघाला हो!"

मी तम्माकडं बघितलं. तो ताटात बघत होता. त्यानं एक घास घेतला आणि म्हणाला, "छान झालाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तम्मा, तुला ठावं हाय तो कशाचा नारळ हाय!"

"आक्का, बस. जेवून घे."

"कशाचा व्हता, सांग तिला. तुझ्या बायकोला सांग."

भावजय घाबरली. हातातला डाव तसाच. "काय झालं वन्सं? माझं काही चुकलं का? मी ह्यांना विचारलं होतं. म्हटलं, फोडू का? तर हे म्हणाले, फोड."

त्यानं पाण्याचा पेला उचलला. मग मीच तिला सांगितलं, नारळ कशाचा ते. सांगताना तिचा चेहरा उतरत गेला आणि ती रडायला लागली. तिचा काय दोष? पुण्याच्या पोरीला आमची रीत कुठून कळणार!

"दुसरा नारळ मिळंल की, आक्का," तो म्हणाला. "हितं बाजारात पण मिळतो."

"नारळ मिळंल. मामा कुटं मिळतो बाजारात, सांग. मी आणते."

मग तो बोलला. म्हणाला, लग्नाच्या सुमाराला त्यांचं समुद्रावर जायचं ठरलंय, तिथलं घर आधीच भाड्यानं घेऊन ठेवलंय. म्हणाला, तिकडं आलो की प्रत्येक जण 'माझ्या पोराला कॅनडाला बोलावून घे' म्हणून गळ्यात पडतो. म्हणाला, धोतर नेसून त्या वाजंत्रीपुढं उभं राहायचं आता जमत नाही. आणि मग जे म्हणाला ते मी अजून विसरलेली नाही. "आक्का, म्हणून तर तुला हितं आणली. भेट झाली की आपली! आन् एक जागा ठेवली न्हाय मी, सगळं शहर दाखवलं तुला."

म्हणजे हिशेब असा होता. त्यानं यायचं नाही, म्हणून मला आणायचं. भाचीच्या मांडवाच्या बदल्यात मला कोट, बोट आणि घसरगाडी. माझ्या तोंडाला पानं पुसायला त्याला अख्खं शहर लागलं! मी ताटावरून उठले. अन्नाचा अपमान नको म्हणून ताटाला नमस्कार केला आणि उठले.

निघायच्या दिवशी बस स्टँडवर तो पिशवी उचलत म्हणाला, "तिला सांग, जमलं तर बघतो."

"जमलं तर बघायला तो काय सिनेमा हाय?" मी म्हटलं. "सांगते तिला, न्हाय येणार म्हणून." त्यानं मान खाली घातली. बस सुटली तेव्हा तो हात हलवत होता. हात मोकळा होता. मी हलवला नाही.

घरी आल्यावर मी मुलीला खरं तेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हसली. "आई, तुमचं दोघांचं कायतरी भांडण झालंय. मामाची सवय माहीत न्हाय का तुला? न्हाय म्हणतो आन् मागून येऊन डोळे झाकतो. येतोय बघ तो." मी पुन्हा सांगितलं. यजमानांनी सांगितलं. ती ऐकेना. पालथ्या घड्यावर पाणी. हळद लागली तरी तिची नजर रस्त्यावर. टांगा वाजला की उठायची.

वैशाखातलं ऊन, मांडव खचाखच भरलेला. यजमानांनी मंद्रूपचा माझा चुलतभाऊ मामा म्हणून उभा करायचं ठरवलं होतं. तो बिचारा नवा फेटा बांधून तयार होता. लग्न लावणाऱ्या स्वामींनी आवाज दिला, "मामांनी मुलीला घेऊन यावं." चुलतभाऊ उठला. मुलीनं त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही. हार हातात घेऊन ती मांडवाच्या दाराकडं बघत होती, ओठ दाबून, लहानपणी लपंडावात हसू दाबायची तशी.

मुलाच्या वडलांनी पुढं येऊन मला विचारलं, "बाई, ह्येच का कॅनडाचे मामा?"

सगळे ऐकत होते. चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता, मी 'व्हय' म्हणेन म्हणून. एक शब्द टाकला असता तर निभावून गेलं असतं. पण समोर माझी पोरगी दाराकडं बघत उभी होती, आणि ती अशीच आयुष्यभर बघत राहिली असती.

"न्हाय," मी मोठ्यानं म्हटलं. "माझ्या पोरीला मामा न्हाय."

वाजंत्री थांबली. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मी चुलतभावाला हातानं खाली बसवलं, मुलीजवळ गेले आणि तिचा हात धरला. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मग दाराकडं पाठ केली आणि माझ्यामागून बोहल्यावर आली.